विज्ञानकथेतलं विज्ञान काढून बघा

यान, यंत्रमानव, परग्रह आले की झाली विज्ञानकथा, असा सर्रास समज असतो. तो तपासायला एक साधी परीक्षा पुरते. कथेतल्या यानाच्या जागी सिंहगड एक्सप्रेस घाला आणि परग्रहाच्या जागी दादर. कथेचा एक टाकाही उसवला नाही, तर ती विज्ञानकथा नव्हतीच. जिचा पेच निसर्गाच्या नियमामुळे पडतो, नियम काढला की पेचच उरत नाही, ती विज्ञानकथा.

पुण्याजवळचंच उदाहरण घ्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. समजा, २० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याकडून तिथे हाक ऐकू आली. ही दुर्बीण फक्त ऐकते, बोलत नाही. म्हणजे प्रश्न दुसरीकडूनच पाठवायला हवा. तो प्रकाशाच्या वेगानं पोचायला २० वर्षं, उत्तर यायला आणखी २०. पंचविशीतली संशोधिका उत्तर ऐकेल तेव्हा पासष्टीची असेल. मग एकच प्रश्न विचारायचा तर कोणता? तिच्यानंतर कानोसा कोण घेणार? हे सगळं नाट्य प्रकाशवेगाच्या मर्यादेतून आलंय. लेखकानं क्षणात संपर्क साधणारं यंत्र आणलं, की कथा तिथेच मेली.

अशक्य वाटणारी एखादी गोष्ट गृहीत धरायची मुभा लेखकाला असते. तिचे परिणाम टाळायची मात्र नसते. अदृश्य माणसाच्या शरीरातून प्रकाश न वळता, न अडता आरपार जायला हवा. मग त्याच्या डोळ्यातलं भिंग किरण वळवणार नाही आणि नेत्रपटल प्रकाश शोषणार नाही. तो ठार आंधळा होईल. मंत्रानं अदृश्य झालेल्याला ही अडचण नसते. जादूची गोष्ट इथे वेगळ्या वाटेनं जाते.

पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारणाऱ्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. कृष्णविवर म्हणजे ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही अशी वस्तू. त्याच्याजवळ काळ मंदावतो, हे आज पुष्कळांना ठाऊक असतं. पण या विषयावर नवी कथा लिहायची तर गणित मांडूनच बसावं.

सूर्याएवढ्या वस्तुमानाचं, स्वतःभोवती न फिरणारं कृष्णविवर घ्या. त्याच्या क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून काहीच परतत नाही त्या सीमेची, त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. केंद्रापासून ४ किलोमीटरवर स्थिर धरलेलं घड्याळ दूरच्या घड्याळाच्या निम्म्या गतीनं चालेल. छान! पण तिथे डोक्यावरची आणि पायांवरची ओढ इतकी वेगळी असते, की माणसाच्या चिंधड्या उडतात. म्हणून ४० लाख सूर्यांएवढं विवर घ्यावं. आकाशगंगेच्या केंद्रात साधारण तेवढंच आहे. तिथे ओढीतला हा फरक जाणवणारही नाही. तरी त्याच प्रमाणात, म्हणजे क्षितिजाच्या त्रिज्येच्या ४/३ पट अंतरावर, एका जागी थांबून राहायचं, तर इंजिनाला पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे ४ लाख पट जोर लावावा लागेल, आणि त्या जोरानंच प्रवासी चिरडतील. उरला मार्ग इंजिन बंद करून प्रदक्षिणा घालण्याचा. पण क्षितिजाच्या तिप्पट त्रिज्येच्या आत वर्तुळाकार कक्षा टिकत नाही, आणि त्या सर्वांत आतल्या कक्षेत पृथ्वीवरच्या १० वर्षांमागे यानात ७ जातात. पणतवंडांना भेटणारा तरुण पणजोबा इथे जमत नाही. कथा या ३ वर्षांच्या फरकातच बसवावी लागते.