विहार धरण मजबूत आहे, तरी ते 'हाय हॅझर्ड' का असू शकतं?

जुलैमध्ये मुंबईचा तुळशी तलाव भरला, पाठोपाठ विहार ओव्हरफ्लो झाला की सगळ्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागतात, पाणीकपात टळली म्हणून हायसं वाटतं, आणि मग कोणीतरी हमखास विचारतं की अहो हे धरण 1860 चं, हाय हॅझर्डमध्ये येतं का, म्हणजे फुटणार का काय?

हा गोंधळ होणं साहजिक आहे कारण मुंबईत आपल्याला सी-1 बिल्डिंगची सवय. सी-1 म्हणजे इमारत मोडकळीला आलीय, खाली करा. धरणाचं तसं नसतं. धरण कितपत ठणठणीत आहे त्याची कॅटेगरी वेगळी, इन्स्पेक्शनमध्ये दोष सापडले की एक, दोन, तीन अशी ठरते, आणि पहिली कॅटेगरी सगळ्यात गंभीर. हॅझर्ड क्लास वेगळा. त्यात धरण फुटेल का हा प्रश्नच नसतो, समजा फुटलंच तर खाली किती माणसं, घरं, रस्ते, रेल्वे पाण्यात जातील एवढंच बघतात. केंद्रीय जल आयोगाने याचे चार वर्ग केलेत. म्हणजे एकदम नवंकोरं धरणसुद्धा वरच्या, हाय हॅझर्डच्या वर्गात जाऊ शकतं, आणि रानात कुठेतरी असलेलं गळकं धरण खालच्या.

आता विहार बघा. मुंबईच्या सात तलावांत मिळून साधारण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं, त्यात विहारचं फक्त 27,698, म्हणजे जेमतेम 2 टक्के. या सातांतल्या सगळ्यात मोठ्या भातसापुढे ते काहीच नाही. पण तेच पावणेतीन कोटी टन पाणी शहराच्या डोक्यावर आहे. विहारचा ओव्हरफ्लो मिठी नदीत येतो आणि फिल्टरपाडा, मरोळ, साकीनाका, कुर्ला, बीकेसी करत माहीमच्या खाडीला मिळतो. 1860 मध्ये या वाटेवर जंगल, शेतं आणि थोडी गावं होती. धरण जागचं हललं नाही, खालचं शहर वाढलं, आणि मला वाटतं यावर आपण फार कमी बोलतो.

विहार मातीचं धरण आहे हेही लक्षात ठेवायला हवं. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडं पाणी गेलं तर ते बऱ्याचदा सहन करतं, मातीच्या भरावावरून गेलं की माती धुपून घळ पडते, म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची वाट, पुरेसा मोठा आणि मोकळा हवाच. दुसरी भीती आतून होणाऱ्या धुपेची. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त ते स्वच्छ असलं पाहिजे. गढूळ यायला लागलं म्हणजे आतली माती वाहून चाललीय. पायथ्याशी हे पाणी एका पत्र्यातल्या व्ही आकाराच्या खाचेतून सोडतात, खाचेत पाणी किती उंच आलं त्यावरून सेकंदाला किती लिटर झिरपतंय ते कळतं, आणि तलावाची लेव्हल तीच असताना हा आकडा वाढला तर लगेच शोध घ्यायचा. भरावावर वाढलेली झाडं, उंदरांची बिळं हेसुद्धा म्हणूनच बघतात.

2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचंच होतं, छोटंसं. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. लोक गेले, आणि नंतर चर्चा धरण खेकड्यांनी पोखरलं या दाव्याचीच जास्त झाली, याचं अजून वाईट वाटतं.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केलीय, शिवाय इमर्जन्सी ॲक्शन प्लॅनही करायचाय. पाणी सोडलं किंवा धरण फुटलं तर कुठवर पोहोचेल, किती वेळात, कोणाला आधी हलवायचं, ते त्यात येतं. मिठी चढली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या लोकांना आजही घरं सोडावी लागतात, त्यामुळे असा नकाशा फायलीत ठेवून उपयोग नाही, तो नदीकाठच्या प्रत्येक चाळीत आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, मराठी आणि हिंदीत, मे महिन्यातच लागायला हवा.