पायवाटा मळण्याची वाट पाहायची?

‘नव्या विद्यापीठात वाटा आखूच नयेत, विद्यार्थ्यांना गवतावरून चालू द्यावं आणि मळलेल्या पायवाटांवर फरशी घालावी’ हा किस्सा वर्षानुवर्षं सांगितला जातो. मास्टर प्लॅन, म्हणजे पूर्ण परिसराचा आराखडा, असा होत नाही.

पायवाट मळते ती दोन दारांमध्ये, आणि दारं कुठे हे आराखड्यातच ठरतं. वसतिगृहापासून वर्ग ८०० मीटरवर असेल तर साधारण दहा मिनिटांची चाल. दोन तासांमधल्या सुट्टीत त्याहून जास्त जमत नाही. कोणती इमारत किती अंतरावर, खरा निर्णय हाच. शिवाय वाटेखालून सांडपाण्याच्या नळ्या, केबल जातात. व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ पेक्षा (बारा फूट लांबीत एक फूट उंची) तीव्र चढ नको. मळलेली वाट मात्र थेट टेकाडावर चढते.

कोपऱ्यावर गवत झिजून मातीचा त्रिकोण दिसला, तर तिथली फरशी जरूर रुंद करावी.