पोझ्नानचा जुना बाजारचौक : जाण्याआधी वाचावे असे थोडेसे

पोलंडच्या सहलीत पोझ्नानसाठी आपण अर्धा दिवस ठेवला आहे. त्यातला बराचसा वेळ एकाच चौकात जाणार आहे. १२५३ मध्ये वार्ता नदीच्या डाव्या तीरावर नवे शहर आखले, तेव्हाच हा चौक आखला गेला. प्रत्येक बाजू सुमारे १४० मीटर, आणि मधोमध टाउन हॉल.

बरोबर बाराला टाउन हॉलच्या घड्याळावरची दारे उघडतात, दोन पत्र्याचे बोकड बाहेर येतात आणि एकमेकांना बारा वेळा टकरा देतात. कथा अशी : नव्या घड्याळाच्या सोहळ्यासाठी मेजवानी होती आणि आचाऱ्याच्या हातून हरणाचे मांस करपले. त्याने घाईघाईने दोन बोकड पळवून आणले. ते सुटले, मनोऱ्यावर चढले आणि सगळ्या गावासमोर झुंजू लागले. पाहुणे इतके हसले की घड्याळातच बोकड बसवायचे ठरले. खरे-खोटे कोण जाणे, पण घड्याळात बोकड आले ते १५५१ मध्ये. घड्याळ पूर्वेच्या दर्शनी भागावर आहे, म्हणून पूर्वेकडे उभे राहा. पावणेबारालाच या, नाहीतर पुढच्यांचे मोबाइल तेवढे दिसतील.

आमचा आग्रह मात्र त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी आहे. टकरा संपल्या की गर्दी पांगते आणि इमारत निवांत पाहता येते. आधीच्या गॉथिक इमारतीला आजचे रूप दिले जोव्हान्नी बात्तिस्ता क्वाद्रो या इटालियन वास्तुविशारदाने, १५५० ते १५६० या काळात. समोरच्या कमानींचे तीन मजले एकावर एक मोजून पाहा. उत्तर युरोपातल्या थंडीत अशी उघडी सज्जेवजा रचना करायला धाडसच लागले असणार!

समोरच एक दगडी खांब आहे, माथ्यावर तलवार घेतलेला जल्लाद. गुन्हेगारांना इथे बांधून फटके मारत. हा खांब १५३५ मध्ये उभारला, तोही मोलकरणींच्या दंडातून. दंड कशाचा, तर ऐपतीपेक्षा भारी कपडे घातल्याचा. इतक्या भरजरी चौकात हा खांब चुकवू नका.

टाउन हॉलच्या दक्षिणेला कमानींवर उभी, रंगीत, चिंचोळी घरे दिसतील. तिथे पूर्वी खारे मासे, मेणबत्त्या आणि मीठ विकले जाई. फोटोंत ती फार जुनी वाटतात, पण १९४५ च्या लढाईत चौकाची राखरांगोळी झाली आणि मनोराही कोसळला. जे दिसते त्यातले बरेचसे युद्धानंतर काळजीपूर्वक पुन्हा बांधलेले आहे.

खायचे झाले तर ‘रोगाल श्वेंतोमार्चिंस्की’ मागा : पांढऱ्या खसखशीचे सारण भरलेला चंद्रकोरीच्या आकाराचा गोड पाव. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, तो घरोघरी खातात, एरवीही मिळतो. त्यात अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावे.

पोलंड युरोपीय संघात असले तरी चलन झ्वोटी आहे, युरो नव्हे. बहुतेक रविवारी मोठी दुकाने बंद असतात, हॉटेले चालू. दगडी फरशीवर टाचांच्या चपला नकोत. सगळ्यांनी एक वाजता प्रोसेर्पिनाच्या कारंज्यापाशी जमायचे आहे. चौकात कारंजी चार आहेत, आपले ते टाउन हॉलच्या समोरचे.