बूट ॲनिमेशन

बूट ॲनिमेशन : संगणक वा मोबाइल चालू केल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम स्मृतीत चढत असताना पडद्यावर दिसणारे हलते चित्र. बोधचिन्ह, फिरते वर्तुळ किंवा सरकती पट्टी हे त्याचे परिचित प्रकार.

त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. १९८४ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावरील, चित्रकार सुझन केअर यांनी रेखाटलेल्या हसऱ्या संगणकापासून काहीजण सुरुवात धरतात. पण ते चित्र स्थिर होते आणि यंत्राची प्राथमिक तपासणी पार पडल्याची ती खूण होती. अमिगा या संगणकाच्या किकस्टार्ट २.० या चालू होतानाच्या प्रणालीत फ्लॉपी खाचेत सरकताना दिसे, मात्र ती वापरणाऱ्याकडे फ्लॉपी घालण्याची केलेली मागणी होती. प्रतीक्षेचा काळ भरून काढण्याचा हेतू तिच्यात नव्हता. विंडोज ३.१ चे बोधचिन्ह ‘विन डॉट कॉम’ या फाइलमध्येच जोडलेले असे, तेही स्थिर. प्रतीक्षा आणि गती हे दोन्ही निकष लावल्यास, निदान सर्वत्र पसरलेल्या प्रणालींपुरती, विंडोज ९५ पासून सुरुवात मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

विंडोज ९५ मधील युक्ती सविस्तर पाहण्याजोगी आहे. पडद्यावरील चित्राची ‘लोगो डॉट सिस’ ही फाइल वस्तुतः ३२० × ४०० बिंदूंची (पिक्सेलची), २५६ रंगांची एकच बिटमॅप प्रतिमा. तिच्यात चौकटी (एकामागून एक दाखवायची चित्रे, म्हणजे फ्रेम) नव्हत्याच. प्रत्येक बिंदूचा रंग ज्या रंगतक्त्यातून ठरे, त्यातील काही नोंदी क्रमाने पुढे सरकवल्या जात, त्यामुळे बिंदू जागचे न हलताही तळाची पट्टी वाहताना भासे. पडद्यावर प्रतिमा आडवी ताणली जाई; म्हणून चित्रकाराला ती मुळात अरुंद, उभट काढावी लागे.

अशा काटकसरीचे कारण म्हणजे या टप्प्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरील चित्रण हाताळणारा प्रोग्रॅम) अजून चढलेला नसतो आणि डिस्क इतर कामांत गुंतलेली असते. विंडोज एक्सपीचा पडदा त्यामुळेच ६४० × ४८० बिंदू आणि १६ रंगांवर भागवून घेई. विंडोज ७ मध्ये चार प्रकाशकण एकत्र येऊन बोधचिन्ह घडते. त्यासाठी २०० × २०० बिंदूंच्या १०५ चौकटी वापरल्या आहेत. सुरुवातीचा भाग एकदाच चालतो, शेवटचा तुकडा पुनःपुन्हा, कारण प्रणाली किती वेळात तयार होईल हे आधी सांगता येत नाही. विंडोज ८ मधील ठिपक्यांच्या कड्याची प्रत्येक चौकट एका खास फाँटमधील अक्षर आहे. चित्राऐवजी अक्षर वापरण्याची ही कल्पना फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

लिनक्समध्ये २००८ च्या फेडोरा १० या आवृत्तीपासून बूट ॲनिमेशन दाखवणारा प्लिमथ हा प्रोग्रॅम आला. पडद्याचे रेझोल्यूशन कर्नलच (प्रणालीचा गाभाच) सुरुवातीला ठरवत असल्याने मधली लुकलुक कमी झाली. डिस्क कूटबद्ध असल्यास पासवर्डही प्लिमथच विचारतो.

संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये पूर्णत्वाची टक्केवारी दाखवणाऱ्या पट्टीचे महत्त्व मांडले. तरीही बूटच्या वेळी फिरते कडेच अधिक आढळते. पट्टीने चुकीचा अंदाज द्यावा त्यापेक्षा ते बरे. मात्र प्रणाली अडकली तरी कडे फिरत राहू शकते, हा त्याचा दोष.

अँड्रॉइडमध्ये चौकटींची चित्रे आणि एक मजकूर-फाइल न आवळलेल्या झिपमध्ये असतात. मजकुराच्या पहिल्या ओळीत रुंदी, उंची व दर सेकंदाच्या चौकटी. पुढील प्रत्येक ओळीत ॲनिमेशनचा एकेक भाग. ‘पी’ने सुरू होणाऱ्या ओळीतला भाग बूट संपताच तुटतो, ‘सी’ने सुरू होणाऱ्या ओळीतला पूर्ण होऊनच थांबतो.