वॉकर घेण्याआधी: घरचं माणूस कुठल्या बाजूला पडतं ते सांगा

दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "वडील सारखे पडायला लागलेत, एक वॉकर द्या." आम्ही विचारतो, पुढे पडतात की मागे? बहुतेकांना सांगता येत नाही. आवाज ऐकून धावत गेलेले असतात, पडताना कुणी बघितलेलं नसतं. हे पत्रक त्यासाठीच छापलंय. चुकीचा वॉकर घेतला तर माणूस वॉकरसकट पडतो, आणि तो वॉकर आम्हीच विकलेला असतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. न्हाणीत धरायच्या दांड्या बसवायच्या, वॉकर, काठ्या, कमोडच्या खुर्च्या विकायच्या नाहीतर भाड्यानं द्यायच्या, हा आमचा धंदा. आजार कुठला ते न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं माणूस बहुधा पुढे झुकतं. पावलं बारीक होतात, वेग वाढत जातो, आणि दाराच्या चौकटीत आलं की पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी हात धरून ओढू नका, ओढलं की तोल जातो. फरशीवर एकेका पावलाच्या अंतरानं रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा. पट्टी ओलांडायची म्हटलं की बऱ्याच जणांचा पाय उचलतो. आपोआप चालण्याची सवय बिघडलेली असते, पण बघून, ठरवून टाकलेलं पाऊल मेंदूच्या दुसऱ्या वाटेनं येतं. अशांना सुळकन पळणारा चाकांचा वॉकर देऊ नका. पाय थांबतात, वॉकर थांबत नाही.

लहान मेंदूचा आजार असेल, ज्याला अटॅक्सिया म्हणतात, तर माणूस पाय फाकून चालतं आणि दोन्ही बाजूंना झोकांड्या खातं. बोलणंही जड होतं. बाजारात लोक समजतात, सकाळीच घेऊन आलाय. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या, ती दाखवली की विषय मिटतो.

तिसरा आजार आमच्या घरातला. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, डॉक्टर 'पीएसपी' म्हणतात. १९६४ साली स्टील, रिचर्डसन आणि ओल्झेवस्की या तिघांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. लाखात साधारण ५ ते ७ जणांना होतो, बहुधा साठीनंतर. मेंदूतल्या पेशींत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. सुरुवातीला पार्किन्सनच वाटतो, पण त्याच्या गोळ्यांचा गुण फारसा येत नाही, आला तरी टिकत नाही.

आमचे आबा मागे पडायचे, तेही सरळ, खांब पडावा तसे. कपाटाचं दार ओढलं की मागे. माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की मागे. दोन वर्षं आम्ही 'गुडघे गेले' म्हणत होतो. मग एकदा जेवताना लक्षात आलं, ताटातली समोरची भाकरी सोडून हात पलीकडच्या आमटीच्या वाटीकडे जातोय. भाकरी दिसतच नव्हती. या आजारात नजर खाली वळत नाही. चष्मा दोनदा बदलून झाला होता, चष्म्याचा दोष नव्हताच.

हे कळलं की घरातल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. उंबऱ्याला ठेच का लागते, परड्याकडच्या पायऱ्या उतरताना हात का थरथरतो, तर पाऊल टाकायची जागाच दिसत नाही. उंबऱ्याला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा, वाटेतल्या चपला नि पायपुसणी उचला. पायऱ्या उतरताना आपण त्यांच्या पुढे, एक पायरी खाली राहायचं. जेवणाला जमिनीवर बसवू नका. टेबलावर पाट ठेवून त्यावर ताट ठेवलं की ते नजरेच्या रेषेत येतं.

पाण्याबद्दल जपून. आपल्याकडं तांब्या वर धरून, मान मागे टाकून पाणी प्यायची सवय असते. गिळायचा त्रास सुरू झालाय त्याला ती घातक, पाणी सरळ श्वासनलिकेत जातं आणि पुढं न्यूमोनिया होतो. सरळ बसवून, हनुवटी छातीकडे ठेवून, एकेक घोट. पाण्यानं ठसका लागतो पण घट्टसर आंबील नीट जाते, असं बऱ्याच घरांत दिसतं. तरी किती घट्ट द्यायचं ते स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या, बोलण्यासारखंच गिळण्याचंही तेच बघतात.

मागे पडणाऱ्याला उचलून ठेवायचा हलका वॉकर आम्ही विकत नाही. तो उचलतानाच तोल मागे जातो. त्यांना पुढून जड वॉकर लागतो. पुढच्या खालच्या दांडीला वाळूच्या पिशव्या बांधून देतो, वजन फिजिओथेरपिस्टला विचारून. खुर्ची प्लास्टिकची नकोच, ती माणसासकट उलटते. जड, हात असलेली, उंच बैठकीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बसताना दोन्ही पोटऱ्या खुर्चीला लागल्या, दोन्ही हात दांडीवर आले, मगच बसायचं. हे रोज सांगावं लागतं, कारण या आजारात माणूस विचार न करता झटकन उठतं. त्यांच्यावर चिडू नका, तोही आजाराचाच भाग.

न्हाणीतली दांडी दीड इंची स्टीलच्या पाईपची. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या जुन्या घरांत भिंत मातीची असते, तिथं फास्टनर धरत नाही. दोन पावसाळ्यांत भिंत फुगते आणि दांडी हातात येते. अशा ठिकाणी आम्ही जमिनीत पाय गाडलेली दांडी बसवतो. टॉवेलची दांडी ही धरायची दांडी नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन आणि दीर्घकालीन न्यूरॉलॉजिकल आजार दोन्ही आहेत. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त आलं तर बऱ्याच सवलती मिळतात. डॉक्टरांचे कागद इंग्रजीत, अर्ज कन्नडमध्ये आणि घरात वाचणारे मराठी, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. अर्ज घेऊन या, आमचा मुलगा कन्नड वाचून भरून देतो. त्याचे पैसे नाहीत.

दुकानात येताना पेशंटला आणायची गरज नाही. मोबाईलवर त्यांच्या चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, वळताना आणि खुर्चीत बसताना दिसतील असा. सोबत टेपनं मापून न्हाणीच्या दाराची रुंदी आणि कॉटची जमिनीपासूनची उंची लिहून आणा. १८ इंची बैठकीची व्हीलचेअर बाहेरून २५-२६ इंच भरते, आणि जुन्या घरातलं न्हाणीचं दार २४ इंचांचं असतं. माप न घेता नेलेल्या तीन खुर्च्या या वर्षी परत आल्यात, त्या भाड्यानं द्यायला ठेवल्यात.