पग कुत्र्याचे आरोग्य व निगा : खानदेश

पग ही मूळची चीनमधील, सपाट चेहऱ्याची छोटी श्वानजात असून तिचे प्रमाणित वजन ६.३ ते ८.१ किलोग्रॅम असते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हा कुत्रा पाळणाऱ्याने सर्वांत आधी उन्हाळ्याचा विचार केला पाहिजे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. पगच्या नाकपुड्या अरुंद आणि तोंडाच्या मागच्या भागातील मऊ टाळू कवटीच्या मानाने लांब असल्यामुळे धापा टाकण्याचेच त्याला श्रम होतात, श्वासमार्गाला सूज येते आणि ताप आणखी चढतो. पगचे घोरणे अनेकांना गोड वाटते, पण पुष्कळदा ते याच अडथळ्याचे लक्षण असते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा त्याला पहाटेच फिरवावे, दिवसा कूलरजवळ ठेवावे आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. कुत्र्याचे शरीर ४१ अंशांच्या वर तापले, तर जिवाला धोका असतो. घरघर वाढणे, लाळ चिकट होणे, जीभ जांभळट पडणे किंवा झोकांड्या जाणे अशी लक्षणे दिसताच अंग पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावे व लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी कढत झालेले असते, म्हणून माठातले पाणी घ्यावे; ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवल्यास उष्णता आतच कोंडते.

डोळे पुढे आलेले असल्याने बुबुळाला सहज जखम होते. डोळा मिटून धरल्यास घरचे थेंब न घालता त्याच दिवशी तपासून घ्यावे. चेहऱ्याच्या घड्या पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात.

लठ्ठपणा श्वासाचा त्रास वाढवतो, त्यामुळे ताटातले घास देण्याची सवय मोडणेच इष्ट. खानदेशी भरितात पातीचा कांदा आणि लसूण भरपूर असतो. हे दोन्ही, शिजवलेले असले तरी, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. केळ्याचे एखाद-दुसरे काप चालतात.

गोचिडांमुळे होणाऱ्या तापात भूक मंदावते, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) घटतात, कधी नाकातून रक्तही येते. गोठ्यातील जनावरांसाठी आणलेले गोचीडनाशक पगला परस्पर लावू नये, कारण एवढ्याशा देहाला ती मात्रा विषारी ठरू शकते. औषध त्याच्या वजनानुसार पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे.