दिवाळीत जपानमध्ये स्वतः गाडी चालवायचीय? मग आयडीपी आत्ताच काढा: कोणाला मिळतं, कसं काढायचं, कागद काय लागतात

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण जपानला चाललोय. मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. टूरवाल्यांबरोबर नाही, फुकुओकाला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि क्यूशू बेटावर बेप्पू, युफुइन, आसो, ताकाचिहो असं आपलं आपण फिरायचं. मुलांनी हॉलच्या भिंतीवर नकाशा चिकटवलाय, धाकटा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी आसोच्या ज्वालामुखीवर बोट ठेवतो आणि अजून किती दिवस विचारतो. गाडीच का, तर सासऱ्यांचे गुडघे, आणि दुसरं म्हणजे ताकाचिहोची दरी बघायचीच आहे आणि तिथे आता ट्रेन जात नाही, २००५ च्या वादळात तो रेल्वेमार्ग वाहून गेला तो परत सुरू झालाच नाही. आणि जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंगही उजवीकडेच, त्यामुळे पहिल्यांदा परदेशात चालवायला हा देश मला सगळ्यात बरा वाटतो.

पण आपलं लायसन दाखवून तिथे गाडी मिळत नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, सगळे आयडीपी म्हणतात ते. जपान फक्त रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार काढलेलं आयडीपी मानतं, १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं चालत नाही. भारत १९४९ वाल्या करारात आहे आणि आपलं आरटीओ त्याच नमुन्याचं देतं, ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने देशभर एकच नमुना ठरवला आणि त्यावर क्यूआर कोडही आला, त्यामुळे आपली बाजू पक्की आहे. नेटवर डॉलरमध्ये पैसे घेऊन इंटरनॅशनल लायसन घरपोच देणाऱ्या साइट्स दिसतात, त्यांच्या नादाला अजिबात लागू नका, जपानमध्ये ते कार्ड चालत नाही. तिथे पोचल्यावर आयडीपी काढू म्हणाल तर तेही होत नाही, ते इथूनच घेऊन जायचं.

कोणाला मिळतं? भारतीय नागरिक पाहिजे आणि चालू असलेलं पक्कं लायसन पाहिजे, लर्निंगवर नाही मिळत. लायसनवर ज्या प्रकारची गाडी आहे तेवढ्याचंच आयडीपी मिळतं, म्हणजे फक्त टू-व्हीलरचं लायसन असेल तर कारचं मिळणार नाही. कारसाठी आयडीपीत बी हा वर्ग असतो, त्यात ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंतची गाडी चालते, आमच्यासारख्या सहाजणांना ते पुरतं. जेवढे जण चालवणार तेवढ्यांनी वेगवेगळं काढायचं, नवऱ्याच्या आयडीपीवर मी चालवू शकत नाही.

अर्ज करायच्या आधी दोन गोष्टी बघा, कारण गाडं अडतं ते इथेच. पहिली, लायसनची मुदत. आयडीपी काढल्या तारखेपासून एक वर्ष चालतं, पण लायसन त्याआधी संपत असेल तर आयडीपीही तिथेच संपतं. तीस ते पन्नास वयात काढलेलं लायसन दहा वर्षांचंच असतं, खूप जणांच्या ते लक्षातच नसतं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं, तेव्हा आधी ते करून घ्या.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ही आम्हा बायकांना जास्त नडते. माझं लायसन लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं नाव आणि माहेरचा पत्ता, पासपोर्टवर सासरचं नाव. आयडीपीवर लायसनमधलंच नाव येणार आणि तिथे गाडी घेताना काउंटरवर पासपोर्ट आणि आयडीपी शेजारी शेजारी ठेवून बघणार, म्हणून मी आधी लग्नाचा दाखला लावून लायसनवर नाव आणि पत्ता बदलून घेतला. त्यात तीन आठवडे गेले, जुलैतच सुरुवात केली म्हणून जमलं. तुमचंही असं असेल तर कृपा करून हे काम तिकीट काढलं त्याच आठवड्यात हातात घ्या.

अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर करायचा. राज्य महाराष्ट्र निवडायचं, ड्रायव्हिंग लायसनच्या सेवांमध्ये जाऊन लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकायची, आपली माहिती समोर येते ती नीट वाचायची, मग सेवांच्या यादीतून इंटरनॅशनल परमिट निवडायचं. फॉर्म ४ए असतो, त्यात कुठल्या देशात जाणार आणि किती दिवस राहणार ते भरायचं. फी १,००० रुपये, ऑनलाइनच भरायची. मग कागद अपलोड करून आरटीओची अपॉइंटमेंट घ्यायची आणि भरलेल्या फॉर्मची आणि पावतीची प्रिंट काढून ठेवायची.

कागदांमध्ये लायसन, पासपोर्ट, विमानाचं तिकीट आणि पासपोर्ट साइझ फोटो. ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या, फोटो दोन-चार जास्तीचे ठेवा. मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसा या दोन अटी जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने काढून टाकल्यात, कारण ज्याच्याकडे चालू लायसन आहे त्याला पुन्हा मेडिकल कशाला, आणि कितीतरी देशांचा व्हिसा अगदी शेवटी हातात पडतो. तरी खिडकीवर माझ्याकडे व्हिसा मागितलाच. जपानचा टुरिस्ट व्हिसा साधारण तीन महिन्यांच्या आत वापरायचा असतो, त्यामुळे तो लवकर काढून ठेवता येत नाही. मी त्या २०२१ च्या अधिसूचनेची प्रिंट फाइलमध्ये ठेवलेली, ती शांतपणे पुढे केली, त्यांनी आत जाऊन साहेबांना विचारलं आणि अर्ज घेतला. ती दोन पानं तुम्हीही बरोबर ठेवा, वाद घालायची वेळच येत नाही.

अर्ज कधी करायचा, तर प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी. आम्ही सप्टेंबरमध्ये केला. फार आधी काढलंत तर वर्षातले महिने घरीच बसून जातात आणि फार उशिरा केलात तर अपॉइंटमेंटवरच जीव टांगणीला.

हातात पडतं ती राखाडी कव्हरची छोटी पुस्तिका. खिडकी सोडायच्या आधी तिथेच उभं राहून बघा. कव्हरवर १९ सप्टेंबर १९४९ च्या कराराचा उल्लेख आहे ना, नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं आहे ना, फोटो आणि सही आहे ना. आणि शेवटच्या पानावर ए, बी, सी, डी, ई असे चौकोन असतात त्यातल्या बी समोर शिक्का आहे ना, हे तर बोट ठेवून बघा. तो शिक्का नसेल तर कारसाठी त्या पुस्तिकेचा उपयोग नाही. माझ्या पुस्तिकेत तो जरा फिका उमटलेला, मी परत आत जाऊन ठळक मारून घेतला.

जपानमध्ये गाडी घेताना पासपोर्ट, आयडीपी आणि आपलं ओरिजिनल लायसन कार्ड तिन्ही बरोबर पाहिजेत. डिजिलॉकरमधलं लायसन इथे ट्रॅफिक पोलिसाला चालतं, तिथे धरून चालू नका. सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे, आमचा धाकटा पाच वर्षांचा, त्यामुळे गाडी बुक करतानाच सीट मागून ठेवलीय. लाल उलटा त्रिकोण दिसला की तोमारे, म्हणजे गाडी पूर्ण थांबवायची, आणि रेल्वे फाटक उघडं असलं तरी तिथे थांबून दोन्ही बाजू बघूनच पुढे जायचं. पेट्रोल भरताना लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी महागड्या हाय ऑक्टेनची आणि हिरवी डिझेलची. आपल्याकडे हिरवा रंग बघून हात सहज पेट्रोल समजून तिकडे जाईल, म्हणून हे नवऱ्याकडून पाठच करून घेतलंय.

अजून एक, तिकडे राहणाऱ्यांसाठी. माझा दीर टोकियोत निशी-कसाईला राहतो, तिथे आपली बरीच मराठी मंडळी आहेत. तो म्हणाला मी पण दिवाळीला भारतात येऊन आयडीपी काढतो आणि तुमच्याबरोबर चालवतो. पण तिथे रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस जपान सोडून तीन महिन्यांच्या आत परत आला तर त्याचं आयडीपी त्या नव्या प्रवेशावर धरत नाहीत, त्याला भारतीय लायसन जपानी लायसनमध्ये बदलून घ्यावं लागतं. टुरिस्ट म्हणून जाणाऱ्या आपल्याला मात्र जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष किंवा आयडीपीची मुदत, यातलं जे आधी संपेल तोपर्यंत चालवता येतं. त्यामुळे दीर मागच्या सीटवर मुलांबरोबर बसणार आणि रस्त्यावरच्या जपानी पाट्या आम्हाला वाचून दाखवणार, असं ठरलंय.